डब्यावर लाख लुमेन, तरी समोरचा बांध दिसेना

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात पाच एकर द्राक्षबाग, शेजारी ऊस. थ्री फेज लाईट रात्रीची असली की मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं आणि उसाच्या बाजूनं बिबट्याची धास्ती. डब्यावर 'एक लाख लुमेन' छापलेली बॅटरी घेतली, पण पलीकडचा बांध धड दिसत नाही. वडिलांची तीन सेलची पितळी बॅटरी याहून लांब मारायची. मग एलईडी कोणती घ्यावी, रिफ्लेक्टर बरा की भिंग, आणि त्या पितळी बॅटरीतच नवी एलईडी बसवता येईल का?

भाऊ, आधी ते लाख लुमेन निकालात काढू. चांगली पांढरी एलईडी टॉर्चमध्ये बसवली की ड्रायव्हर (सेलचा करंट एलईडीला जुळवून देणारं सर्किट), काच सगळी गळती धरून वॅटला शंभरेक लुमेन बाहेर देते. लाख लुमेनला हजार वॅट लागतील. हजार वॅट म्हणजे घरातली इस्त्री. ती मुठीत धरून कोणी बागेत हिंडत नाही. टॉर्चमध्ये जो १८६५० मापाचा सेल असतो, त्यात ऊर्जा मावते ११-१२ वॅट-तास. हजार वॅटनं तो चाळीसेक सेकंदांत रिकामा होईल, आणि तेवढा करंट द्यायची त्याची ताकदही नाही. त्याच सेलवर ९९०० एमएएच लिहिलं असेल तर तोही आकडा त्याच शाईचा; या मापाचे नावाजलेले सेल ३५०० च्या आसपास थांबतात.

पण समजा आकडा खरा असता, तरी बांध दिसलाच असता असं नाही. लुमेन म्हणजे टॉर्चच्या तोंडातून सगळीकडं मिळून बाहेर पडणारा उजेड. बांधावर किती पोचतो हे ठरतं नेमक्या त्या दिशेला उजेड किती दाट जातो यावर, आणि त्या दाटीचं माप कँडेला. दुकानात लुमेन विचारणारी माणसं रोज येतात, कँडेला विचारणारं क्वचित कोणी. म्हणून डब्यावरही लुमेनच मोठ्या अक्षरात असतात.

कँडेलावरून पल्ला काढायची रीत ठरलेली आहे. अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचं टॉर्चसाठीचं मानक आलं आणि बरे ब्रँड ते पाळतात. झोताच्या मधोमध पाव लक्स (लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड उरतो ते अंतर म्हणजे त्या मानकाचा पल्ला. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं, साधारण तेवढं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो, म्हणून हिशेब वर्गमुळाचा: कँडेलाचं वर्गमूळ काढा, दोननं गुणा, मीटर आले. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर, ४०,००० म्हणजे ४००, १,६०,००० म्हणजे ८००. पल्ला दुपटीनं हवा तर कँडेला चौपट लागतात. 'आमची टॉर्च दुप्पट पॉवरची' असं कोणी म्हणालं तर, बाकी सगळं तेच असताना, पल्ला वाढणार फक्त चाळीस टक्के.

आता चांदण्याएवढ्या उजेडात दोनशे मीटरवरचं झुडूप कोणतं आणि जनावर कोणतं, हे ओळखू येतं का? तुम्ही रात्री शेतात जाता, तुम्हाला विचारायची गरज नाही. ओळख पटायला एक-दोन लक्स तरी लागतो. एक लक्स धरला की डब्यावरचा पल्ला निम्मा होतो, चार लक्स धरले की पाव. मी गिऱ्हाइकाला सांगताना छापील पल्ल्याचा तिसरा हिस्सा 'कामाचा' म्हणून सांगतो.

तुमचा हिशेब करू. पाच एकर म्हणजे साधारण २०,२०० चौरस मीटर. तुकडा चौकोनी धरला तर बाजू १४२ मीटर आणि कोपऱ्यापासून कोपरा २०० मीटर. समोरच्या बांधावर, दीडशे मीटरवर, दोन लक्स हवेत असं धरू. १५० गुणिले १५० गुणिले २, म्हणजे ४५,००० कँडेला. अशा टॉर्चच्या डब्यावर पल्ला सव्वाचारशे मीटरच्या आसपास असतो. तुमची गरज एवढीच आहे. किलोमीटरवाल्या टॉर्चच्या मागं लागू नका.

कँडेला येतात दोन गोष्टींतून. एक, एलईडीच्या उजेड देणाऱ्या पृष्ठभागाचं तेज, म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागं किती कँडेला. दोन, टॉर्चच्या तोंडाचं क्षेत्रफळ, मग तिथं रिफ्लेक्टर असो की भिंग. दोन्हींचा गुणाकार करा, आरशात आणि काचेत हरवतो तो उजेड वजा करा, झालं. साधा आरसा किंवा भिंग उगमाचं तेज वाढवू शकत नाही. ते एवढंच करतं की तेवढ्याच तेजाचा मोठा गोल समोरच्याला दिसतो. याची परीक्षा टॉर्च बंद ठेवूनही होते. दिवसा टॉर्च कुठंतरी टेकवा, आठ-दहा मीटर लांब जा आणि नेमकं तिच्या तोंडासमोरून पाहा. फोकस बरोबर असेल तर अख्खा रिफ्लेक्टर एलईडीच्या पिवळ्या रंगानं भरलेला दिसतो. जिथं काळी कडी दिसतात तेवढं क्षेत्रफळ पल्ल्याच्या कामाचं नाही. ही परीक्षा चालू टॉर्चवर मात्र करू नका, डोळ्यांना इजा होईल.

पिवळा का, तर पांढरी एलईडी मुळात निळी असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर असतो. निळा-पिवळा मिळून पांढरा उजेड. (तेजस्वी निळी एलईडी १९९३ साली नाकामुरांनी जपानच्या निचिया कंपनीत करून दाखवली; त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं.) आपल्या दृष्टीनं तो पिवळा तुकडा म्हणजेच दिव्याची वात. तो जेवढा लहान आणि जेवढा प्रखर, तेवढा पल्ला लांब.

आकड्यात पाहू. सपाट एलईडीचं तेज काढायचं सोपं सूत्र आहे: लुमेन भागिले ३.१४, भागिले पिवळ्या तुकड्याचं क्षेत्रफळ. एक चौरस मिलिमीटरची लहान एलईडी घ्या, ७०० लुमेनची. तेज आलं सुमारे २२३. आता चार चिपांची मोठी एलईडी घ्या, ४००० लुमेन, पण उजेड देणारं क्षेत्रफळ २० चौरस मिलिमीटर. तेज आलं ६४. दोन्ही एकाच रिफ्लेक्टरमागं बसवल्या तर ७०० लुमेनवालीचे कँडेला साडेतीन पट, म्हणजे पल्ला जवळजवळ दुप्पट. गिऱ्हाइकाला हे पटत नाही, कारण अंगणात मारून पाहिलं तर ४००० वाली दिवस उजाडल्यासारखी वाटते. अंगणात वाटतेच. बांध अंगणात नसतो.

बाजारात या दोन टोकांच्या मधलीही सोय आहे. हौशी लोक ज्याला 'व्हाइट फ्लॅट' म्हणतात ती ऑसरामची एलईडी एक चौरस मिलिमीटरची, तिची थोरली बहीण दोनची. पल्ल्यासाठी या अव्वल, पण झोत सुईसारखा. ल्युमिनसची एसएफटी-४० दोन बाय दोन मिलिमीटरच्या आसपासची आणि सपाट. पल्लाही बरा, ठिपकाही अंगापिंडानं भरलेला. क्रीची एक्सपी-एल हाय जरा जुनी झाली, पण अजून चांगली. एक्सएचपी ७० ही चार चिपांची. तिच्या चिपांच्या मध्ये फट असते, म्हणून गुळगुळीत रिफ्लेक्टरमध्ये झोताच्या मधोमध काळपट खूण किंवा फुली उमटते. तुमच्या टॉर्चवर यातलंच काहीतरी नाव असणार. बहुतेक वेळा आत नावासारखी दिसणारी, चार चौकोनांची नक्कल असते. सीओबी पट्टीचा, म्हणजे बारीक चिपा दाटीनं बसवलेल्या लांबट पिवळ्या पट्टीचा, तर पल्ल्याशी संबंधच नाही. पॅकिंग शेडमध्ये टेबलावर टांगायला ती उत्तम.

घुमटाचं प्रकरण यातच येतं. पुष्कळ एलईडींवर पारदर्शक सिलिकॉनचा घुमट असतो. त्यानं आतला उजेड बाहेर निघायला मदत होते, लुमेन वाढतात, म्हणून घरच्या दिव्यांसाठी तो चांगला. पण तोच घुमट पिवळ्या तुकड्याला मोठा करून दाखवतो: रुंदीला दीडपटीच्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळाला दुपटीहून जास्त. लुमेन तेवढ्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळं तेज पडतं. म्हणून पल्ल्याच्या टॉर्चमध्ये बिनघुमटाची, सपाट एलईडी. पूर्वी लोक ब्लेडनं घुमट सोलायचे. त्यात आतली बारीक तार तुटायची, नाहीतर रंग पिवळट-हिरवट व्हायचा. आता सपाट एलईडी तयार मिळते, तो उद्योग करायचं कारण नाही.

आता तोंडाचं क्षेत्रफळ. व्यास दुप्पट की क्षेत्रफळ चौपट, कँडेला चौपट, पल्ला दुप्पट. २५ मिलिमीटर तोंडाची खिशातली टॉर्च आणि ५० मिलिमीटरची, आत तीच एलईडी, तोच करंट: दुसरी दुप्पट लांब जाते. दुसऱ्या महायुद्धात विमानं शोधायला जे कार्बन आर्कचे सर्चलाइट होते त्यांचा आरसा ६० इंची, आणि लौकिक ८० कोटी कँडेलाचा. दीड मीटर व्यासाचं क्षेत्रफळ साधारण १७ लाख ७० हजार चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर उगमाचं तेज येतं साडेचारशे. आपली वरची एक चौरस मिलिमीटरची एलईडी त्याच्या निम्म्यावर येऊन पोचलेली आहे. राहिलेला सगळा फरक आरशाच्या घेराचा. तुम्ही पाच फुटी आरसा घेऊन मोटरीकडं जाणार नाही, पण तीन-चार सेंटिमीटर आणि पाच सेंटिमीटर यातला फरक पैसे मोजण्यासारखा आहे.

एका तोंडात तीन-चार एलईडी आणि प्रत्येकीला वेगळी लहान वाटी, अशा टॉर्च जोरात खपतात. तिथं प्रत्येक वाटीचं क्षेत्रफळ धरून बेरीज करायची. २० मिलिमीटरच्या तीन वाट्या म्हणजे ९४२ चौरस मिलिमीटर. त्याच तोंडात ४३ मिलिमीटरचा एकच रिफ्लेक्टर बसला तर १४५२. उजेड भरपूर, पल्ला कमी.

रिफ्लेक्टर की भिंग, हा तुमचा मूळ प्रश्न.

रिफ्लेक्टरमध्ये एलईडीच्या बाजूंना जाणारा उजेड आरशावर आपटून समोर जातो आणि मधला ठिपका तयार होतो. आरशाला न लागता सरळ बाहेर पडणारा उजेड कडेला पसरतो. खोल रिफ्लेक्टर जास्त उजेड पकडतो, त्याचा कडेचा पसारा अरुंद. उथळ्याचा पसारा रुंद. खोली वाढली म्हणून ठिपक्याच्या अगदी मधला प्रखरपणा मात्र फारसा वाढत नाही, तो व्यासावरच. दाणेदार पृष्ठभागाचा रिफ्लेक्टर झोत मऊ करतो, डाग लपवतो आणि पल्ला थोडा खातो. तुम्हाला गुळगुळीत हवा.

भिंगाची, म्हणजे तोंड पुढं-मागं सरकणारी झूम टॉर्च वेगळ्या तत्त्वावर चालते. तोंड पुढं ओढलं की भिंग एलईडीचं चित्रच समोर फेकतं, म्हणून भिंतीवर चक्क चौकोन दिसतो. ठिपक्याची कड कापल्यासारखी, आणि कडेला अंधार. एलईडीच्या पुढून शंकूच्या आकारात निघणारा जेवढा उजेड भिंगावर पडतो तेवढाच कामी येतो. बाकीचा, बऱ्याचदा निम्म्याहून जास्त, नळीच्या भिंतीत मुरतो. तरी भिंग मोठं आणि एलईडी लहान असेल तर कँडेला चांगले निघतात. चौकोन किती मोठा पडेल हेही सांगता येतं. भिंगाचं केंद्रांतर (फोकल लेंग्थ) ३० मिलिमीटर आणि एलईडी एक मिलिमीटरची असेल तर ३०० मीटरवर १० मीटर रुंदीचा तुकडा उजळतो. एलईडी तीन मिलिमीटरची असेल तर ३० मीटरचा. माझा आक्षेप दुसराच आहे. सरकणारं तोंड दर वेळी हवा आत ओढतं, हवेबरोबर धूळ आणि फवारणीचा तुषार येतो, आणि एका हंगामात भिंग आतून धुरकट होतं. शेतासाठी मी झूम टॉर्च देत नाही. शिवाय बांधावर उजेड आणि पायाखाली काळोख, हे साप-विंचवाच्या दिवसांत परवडत नाही.

प्लॅस्टिकच्या भरीव, आतल्या आत परावर्तन करणाऱ्या भिंगांबद्दल थोडक्यात: हेडलॅम्पला आणि लहान टॉर्चला छान, कारण थोड्या जागेत जवळजवळ सगळा उजेड पकडतात. साल्हेर-हरिहरला पहाटे चढणाऱ्या मंडळींना मी हेच सुचवतो. तुमच्या कामाला त्यांचा व्यास पुरत नाही.

लेसरवर चालणाऱ्या टॉर्चही निघाल्या आहेत. निळा लेसर फॉस्फरच्या बारीक ठिपक्यावर मारतात, तेज एलईडीच्या कितीतरी पुढं जातं आणि थोडक्या लुमेनमध्ये किलोमीटरच्या वर पल्ला मिळतो. पण झोत म्हणजे नुसती पांढरी काठी. त्या काठीनं अख्खा बांध झाडत बसाल आणि जनावर शेजारच्या सरीत असेल. किलोमीटरवालीच्या मागं लागू नका म्हणालो ते यासाठी.

एलईडी बरोबर, रिफ्लेक्टर बरोबर, तरी झोत फुटका, असं प्रकरण दुरुस्तीला आलं की मी आधी एलईडीभोवतीची प्लॅस्टिकची कडी पाहतो. रिफ्लेक्टर एलईडीपासून किती उंचीवर बसतो हे ही कडी ठरवते. पिवळा तुकडा रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर बसायला हवा. अर्धा मिलिमीटर वर-खाली झाला की मधोमध काळा डाग येतो किंवा ठिपका फिस्कटतो आणि कँडेला ढासळतात. घुमटाची एलईडी काढून सपाट लावली की ही उंची बदलते. लोक एलईडी बदलतात, कडी तीच ठेवतात, आणि 'नवी एलईडी खराब निघाली' म्हणतात. दोन-तीन जाडीच्या कड्या ठेवून रात्री भिंतीवर मारून पाहणं हाच उपाय. नेमकी मिळाली नाही तर नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागात छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर नायलॉनची काढून मिळते. ती धातूची करू नका, एलईडीच्या टाक्यांना टेकली तर शॉर्ट.

रिफ्लेक्टरला बोट किंवा फडकं लावायचं नाही. त्यावर अॅल्युमिनियमचा अतिपातळ थर असतो, एका पुसण्यात रेघा पडतात. फक्त हवा मारा. पुढची काच साधी असेल तर दोन्ही पृष्ठभागांवर मिळून आठेक टक्के उजेड परत फिरतो. तिरकी धरल्यावर जांभळट झाक दिसते ती लेप दिलेली काच हे नुकसान दोन टक्क्यांच्या आसपास आणते. पल्ल्यात याचा फरक तीन-चार टक्क्यांचा, म्हणजे त्यासाठी जीव टाकण्यासारखं काही नाही. काचेवर वाळलेले फवारणीचे डाग मात्र खरे शत्रू. ते उजेड विखुरतात आणि मधला ठिपकाच मारतात.

उष्णतेबद्दल एवढंच की एलईडी तापली की उजेड पडतो, आणि चांगली टॉर्च स्वतःच काही मिनिटांत करंट कमी करते. मानकानुसार पल्ला मोजतात तो चालू केल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांत. पुढं उजेड चौथाईवर आला तर पल्ला निम्मा. घेताना 'टर्बो' (सर्वांत प्रखर टप्पा) नव्हे तर त्याच्या खालच्या टप्प्याचे कँडेला विचारा. एलईडी तांब्याच्या बोर्डवर असेल तर उत्तम.

आता वडिलांच्या बॅटरीबद्दल, कारण तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तीन सेलच्या बल्बचे लुमेन आजच्या मानानं नगण्य. पण त्याची तार बारीक, पितळी तोंड फिरवून फोकस नेमका करता यायचा आणि कडेचा पसारा फिका. त्यामुळं पायाजवळ झगमगाट नव्हता, डोळे अंधाराला सरावलेले राहायचे. डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि तुमची नवी बॅटरी जवळच्या वेली, तारा, डांब पांढरेफटक करून ती मेहनत क्षणात घालवते. बाहुली आक्रसते. मग बांधावर जुन्या बॅटरीपेक्षा जास्त उजेड पोचला असला तरी तो दिसत नाही. म्हणून नवी घेताना कडेचा पसारा फिका असलेली घ्या, आणि चालताना सर्वांत खालच्या टप्प्यावर ठेवा. लांब पाहायचं तेव्हाच वाढवा.

निफाडच्या थंडीत धुकं पडलं की हाच त्रास दुप्पट होतो. पिवळा उजेड धुकं कापतो असं सर्रास सांगतात. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, त्यामुळं नुसत्या रंगानं फार काही साधत नाही. साधतं ते टॉर्च डोळ्यापासून लांब, कमरेजवळ धरल्यानं, कारण मग डोळ्यासमोरचा पांढरा पडदा विरळ होतो. याच्या बरोबर उलट, जनावराचे डोळे चमकताना पाहायचे असतील तर टॉर्च कानशिलाजवळ धरावी लागते. बिबट्याच्या डोळ्यात पडद्यामागं परावर्तक थर असतो आणि तो उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवतो. स्वच्छ हवेत ही चमक अंगाच्या आकारापेक्षा कितीतरी लांबून दिसते. तरीही टॉर्च दाखवली म्हणजे बिबट्या पळतो या भरवशावर राहू नका. सोबत माणूस, हातात काठी, मोबाईलवर मोठ्यानं गाणी, हे आधी, टॉर्च नंतर.

तर घ्यायचं काय? तोंड ४५ ते ५० मिलिमीटर, एकच रिफ्लेक्टर, गुळगुळीत. एसएफटी-४० सारखी सपाट, मधल्या आकाराची एलईडी. खरा २१७०० मापाचा (१८६५० हून थोडा मोठा) सेल, ४००० ते ५००० एमएएचचा. डब्यावर पन्नास हजार ते लाखभर कँडेला. तुमच्या गणितातले पंचेचाळीस हजार टर्बोच्या खालच्या टप्प्यालाही जवळपास मिळायला हवेत, म्हणून लाखाकडं झुकलात तर बरं. रंग ५००० केल्विनच्या जवळचा. ६५०० चा निळसर उजेड आकड्यात थोडा जास्त भरतो, पण ओल्या पानावर डोळ्याला खटकतो. डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांचे डाग पाहायला रंग खरे दाखवणारी वेगळी लहान टॉर्च ठेवा, निचियाच्या ५१९ए सारख्या एलईडीची. रंग खरे दाखवणारी एलईडी लुमेनमध्ये मार खाते, तेव्हा एकाच टॉर्चकडून दोन्ही मागू नका.

दुकानात डब्यावर कँडेला नसतील तर मोजून घ्या. दहा मीटरवर लक्समीटर ठेवा, मधला ठिपका त्यावर पाडा, आलेल्या आकड्याला शंभरनं गुणा. ४५० लक्स म्हणजे ४५,००० कँडेला. एक मीटरवर मोजू नका, तिथं झोत जुळलेलाच नसतो. मोबाईलच्या सेन्सरवर आकडा खात्रीचा येत नाही, पण दोन टॉर्च एकाच मोबाईलवर एकापाठोपाठ मोजल्या तर कोणती लांब जाईल ते नक्की कळतं.

पितळी बॅटरीत नवी एलईडी बसते, पण बल्बच्या जागी नुसती चिकटवून नाही. जुना रिफ्लेक्टर असा बनलेला आहे की उजेड सगळ्या बाजूंना फेकणारी तार त्याच्या आत काही मिलिमीटर वर असावी. एलईडी फक्त पुढं फेकते. ती तळाशी बसवली तर केंद्रबिंदूच्या खाली राहते आणि झोत जुळत नाही. म्हणून तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा बारीक खांब करून त्याच्या डोक्यावर एलईडी बसवतो, खांब खाली जाड चकतीला घट्ट, म्हणजे उष्णता पितळी नळीत उतरते. रिफ्लेक्टर उथळ असल्यानं पुढच्या शंकूतला बराच उजेड कडेला जाईल, हे धरून चाला. इथं एक चौरस मिलिमीटरवाली एलईडी शोभते, कारण तार जशी बारीक होती तसा हा तुकडाही बारीक. करंट दीड-दोन अँपिअरच्या वर नेत नाही. जुन्या सरकत्या बटणाची पितळी पट्टी आणि रिव्हेट त्याहून जास्त करंटला तापतात आणि व्होल्टेज खातात. तीन मोठ्या सेलच्या जागी संरक्षण-सर्किट असलेला एक २१७०० सेल, भोवती पीव्हीसीची नळी, उरलेल्या लांबीत धातूचा तुकडा. ऋण-धन उलटं झालं तर ड्रायव्हर जातो, म्हणून नळीवर बाणाची खूण करून ठेवा.

हे करून घ्यायचं ठरवलंत तर मला तीन मापं लागतील: रिफ्लेक्टरच्या तोंडाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास आणि बल्ब लावलेला असताना तार भोकाच्या कडेपासून किती वर येते ते. व्हर्नियरनं घ्या, पट्टीनं घेतलेलं तिसरं माप उपयोगाचं नसतं. आणि घरी आहे तो बल्ब फेकू नका, खांबाची उंची त्यावरूनच काढायची आहे.